धावणं टिकवायचं असेल तर थोडं कमी धावा

प्रश्न : मी ४३ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी धावायला सुरुवात केली. तेव्हा मिनिटभर धावलं तरी धाप लागायची. आता रोज सकाळी सहा किलोमीटर धावते, आठवड्याचे सातही दिवस, त्याच रस्त्याने आणि त्याच वेगाने. पहिल्या वर्षात आठ किलो वजन उतरलं, झोप सुधारली. पण गेले सहा-सात महिने काटा जागचा हलत नाही आणि सहा किलोमीटरची ४२ मिनिटंही कमी होत नाहीत. त्यात महिन्याभरापासून उजव्या नडगीची आतली बाजू दुखते आहे. धावायला लागलं की दुखतं, थोड्या वेळाने बरं वाटतं, घरी आल्यावर पुन्हा ठणकतं. बरोबरचे म्हणतात, क्रॉस ट्रेनिंग कर. सायकल चालव, पोह, वजनं उचल. मला भीती वाटते. आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट नेमाने जमली आहे. तिला असे फाटे फुटले तर धावणंही जाईल आणि बाकीचंही धड होणार नाही. शिवाय सायकल चालवून धावणं कसं सुधारेल? आणखी एक : माझी १३ वर्षांची मुलगी रोज माझ्याबरोबर धावायचं म्हणते. तिला नेऊ का?
— एक वाचक

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे. चाळिशीत व्यायामाची घडी बसवणं हे सगळ्यात अवघड काम आणि ते तुम्ही करून दाखवलं आहे. ती घडी विस्कटेल असा सल्ला मी देणार नाही. सकाळची वेळ तीच ठेवा, बूटही त्याच वेळी चढवा. मात्र सातपैकी तीनच दिवस धावा आणि उरलेल्या दिवशी त्याच वेळात शरीराला वेगळं काम द्या. एवढा बदल केलात तर आणखी वीस वर्षं धावू शकाल. आज जे चाललं आहे ते तसंच चालू ठेवलंत, तर ही नडगी तुम्हाला लवकरच सक्तीने घरी बसवेल.

म्हणून आधी नडगी. आत्ताच खुर्चीवर बसा, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्या आणि घोट्याच्या आतल्या बाजूने अंगठा हाडाच्या कडेवरून दाबत दाबत वर सरकवा. चार-पाच बोटं किंवा त्याहून जास्त लांबीचा पट्टा हुळहुळत असेल, तर बहुधा हे शिन स्प्लिंटचं, म्हणजे अतिश्रमाने नडगीच्या हाडाच्या कडेला होणारं दुखणं आहे. दुखलं तरी ते वेळीच आवरता येतं. पण नाण्याएवढ्या एकाच जागी अंगठा पडला आणि कळ डोक्यात गेली, किंवा रात्री अंथरुणातही ठणकत असेल, नुसतं चालतानाही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायला हवी. तसं असेल तर धावणं आजच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या आठवड्यांत असा तडा एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, तो एमआरआयमध्ये कळतो. तेव्हा एक्स-रे साफ आला, पण दुखणं तसंच आहे, अशा वेळी पुन्हा धावायला निघू नका. मासिक पाळी अलीकडे अनियमित झाली असेल किंवा वजन उतरवायच्या नादात जेवण कमी केलं असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. पोटात पुरेसं अन्न जात नसेल तर हाडांची दुरुस्ती मागे पडते. ही गोष्ट बायका सांगत नाहीत आणि पुष्कळदा त्यांना कुणी विचारतही नाही.

‘थोडं धावल्यावर बरं वाटतं’ असं तुम्ही लिहिलं आहे. नेमकं इथेच लोक फसतात. अंग तापलं की कळ दबते. ती दबली म्हणजे इजा भरून आली असं नाही. महिनाभर तुम्ही हे दुखणं अंगावर काढलं आहे, ते आता पुरे.

हे झालं कशामुळे, ते आकड्यांतच पाहू. ४२ मिनिटांत, मिनिटाला १६५ च्या आसपास पावलं धरली, तर सुमारे सात हजार पावलं होतात, म्हणजे एकेका पायावर साडेतीन हजार. धावताना प्रत्येक पाऊल टेकतं तेव्हा जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर पायात येतो. तुमचं वजन ६२ किलो धरलं तर प्रत्येक वेळी सव्वाशे ते एकशे पंच्याऐंशी किलोचा. आठवड्याला एका पायावर असे चोवीस हजार दणके बसतात आणि रस्ता तोच, वेग तोच, त्यामुळे ते सगळे त्याच जागी बसतात. एकच तार त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हाडाचं बरं हे की ते स्वतःची दुरुस्ती करत असतं. पण त्या दुरुस्तीची एक रीत आहे. शरीर आधी थकलेला भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ती जागा उलट नाजूक झालेली असते. रोज धावणाऱ्या माणसाचं हाड कधी या फटीत सापडेल ते सांगता येत नाही.

हृदय आणि फुप्फुसं मात्र झपाट्याने तयार होतात. काही आठवड्यांतच धाप कमी लागते, माणसाला वाटतं आपण तयार झालो आणि तो अंतर वाढवतो. टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं त्या वेगाने तयार होत नाहीत, ती महिनोन् महिने मागे असतात. दमसास पुढे आणि नडगी मागे, अशी ही ओढाताण आहे. क्रॉस ट्रेनिंगचा सगळ्यात मोठा फायदा मला इथेच दिसतो : हृदयाला हवं तेवढं काम देता येतं आणि तेवढा वेळ नडगीला दणक्यांपासून सुट्टी मिळते.

आता तुमचा खरा प्रश्न. सायकलने धावणं कसं सुधारेल? दम लागेपर्यंत पाय मारले की हृदयाला दर ठोक्याला जास्त रक्त ढकलावं लागतं. या सरावाने रक्तातला द्रवभाग वाढतो आणि मांडीच्या स्नायूंची प्राणवायू वापरायची ताकद वाढते. यातलं पुष्कळसं धावताना कामी येतं. अगदी सगळं येतं असं मी म्हणणार नाही. शरीर जे करतं त्यातच सगळ्यात जास्त तरबेज होतं. पाऊल टेकल्यावर उसळी घेण्याची पोटरीची कला सायकलवर बसून येत नाही, त्यासाठी धावावंच लागतं. म्हणून तर तीन दिवस धावणं मी काढून घेत नाही. पण धावणं कमी केलं तर कमावलेला दमसास जाईल, हे डोक्यातून काढून टाका. सराईत धावपटूंना काही प्रयोगांत चार ते सहा आठवडे रस्त्यावर धावू दिलं नाही. त्यांनी कमरेला तरंगता पट्टा बांधून, पाय तळाला न टेकवता खोल पाण्यात धावण्याचा सराव केला. त्यांचा दमसास टिकून राहिला. दमसास घटतो तो काहीच न करता बसल्याने, आणि तोही साधारण दोन आठवड्यांनंतर जाणवू लागतो.

ताकदीच्या व्यायामाबद्दलही अशीच एक भीती धावणाऱ्यांमध्ये असते की वजनं उचलली तर पाय जड होतील. रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने १९८० मध्ये दहा आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने फक्त ताकदीचे व्यायाम केले, दुसऱ्याने फक्त दमसासाचे आणि तिसऱ्याने दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांची ताकद आधी वाढली आणि शेवटच्या आठवड्यांत थोडी घसरली, पण त्यांचा दमसास फक्त दमसासाचे व्यायाम करणाऱ्यांइतकाच वाढला. काळजी करायचीच तर ती पिळदार शरीर कमावणाऱ्याने करावी, धावणाऱ्याने नाही. तेही त्या प्रयोगातला व्यायाम आठवड्याला पाच-सहा दिवसांचा, चांगलाच कसून होता. तुम्हाला दोन दिवस, पाऊण तासाच्या आत उरकेल एवढाच करायचा आहे. पायांची ताकद वाढली की त्याच वेगाने धावायला प्राणवायू थोडा कमी लागतो. तुमची ४२ मिनिटं अडून बसली आहेत, त्यांना हलवायचा हा एक मार्ग आहे.

ताकद कुठे कमी पडते ते घरीच बघता येतं. अनवाणी आरशासमोर उभ्या राहा. डाव्या पायावर तोल सांभाळून गुडघा थोडासा वाकवा, खुर्चीत बसायला निघाल्यासारखा, आणि सरळ व्हा. असं पाच-सहा वेळा केल्यावर पाय बदला. फक्त गुडघ्याकडे आणि कमरेच्या रेषेकडे लक्ष ठेवा. गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे झुकतोय का? कमरेची एक बाजू खाली जातेय का? रोज तेच सहा किलोमीटर धावणाऱ्या बहुतेकांचं इथे घोडं अडतं. कारण धावणं, चालणं, सायकल या सगळ्यात पाय पुढे-मागेच जातात, आडवी हालचाल होतच नाही. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा जो स्नायू कंबर सरळ धरून ठेवतो, तो कमकुवत राहतो. मग त्याची कसर गुडघा आणि नडगी भरून काढतात. (उजवा पाय वरच्या तपासणीत फार दुखला असेल तर त्या पायावर ही चाचणी करू नका.)

यासाठी मोजके व्यायाम पुरतात. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा उचलायच्या आणि सावकाश, तीन आकडे मोजत, खाली सोडायच्या. अर्ध्या वेळा गुडघे सरळ ठेवून आणि अर्ध्या वेळा किंचित वाकवून, कारण पोटरीतला आतला स्नायू वाकलेल्या गुडघ्यानेच जास्त कामाला लागतो आणि धावताना सगळ्यात जास्त भार त्याच्यावर येतो. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, स्क्वॉट (खुर्चीत बसल्यासारखं खाली जाऊन उठणं), एका पायाने पायरी चढणं-उतरणं, प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ तोलून धरणं). सुरुवातीला हातात काहीच घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी सोपं वाटू लागलं की वजन घ्या, आणि मग ते वाढवत राहा. रोज तेवढंच वजन उचलत राहिलात तर सहा किलोमीटरचं जे झालं तेच इथेही होईल. तुमच्या वयात तर मी यावर जास्तच जोर देईन. पाळी जाण्याच्या सुमारास बायकांच्या हाडांची झीज वेगाने होते, आणि स्नायूंचा ताण हाडाला मजबूत राहायला भाग पाडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं दम लागेल असा व्यायाम सांगितला आहे, आणि त्याबरोबर किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम. तुमची पहिली बाजू भरभरून आहे, दुसरी अगदी रिकामी.

याच कारणासाठी धावणं पूर्ण सोडून फक्त पोहायला किंवा सायकलवर जा असंही मी सांगणार नाही. पाण्यात आणि सायकलवर शरीराचा भार हाडांवर पडत नाही. दुखऱ्या नडगीला तेच हवं असतं, पण वर्षानुवर्षं तेवढंच केलं तर हाडाला घट्ट होण्याचं कारणच उरत नाही. फक्त सायकल चालवणाऱ्या कसलेल्या खेळाडूंच्या मणक्यांची घनता कमी आढळते, ती यामुळेच.

वजनाचं थोडक्यात सांगते. एक किलोमीटर धावायला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. सत्तर किलोच्या माणसाला सहा किलोमीटरला ४२० लागत असतील तर ६२ किलोच्या माणसाला ३७० च्या आसपास. वजन उतरलं तसा खर्चही उतरला, आणि रोजचं धावणं अंगवळणी पडल्याने शरीर काटकसरीने धावू लागलं. क्रॉस ट्रेनिंगने काटा पुन्हा धडाधड खाली येईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. झोप चांगली आहे, दम वाढला आहे, वजन स्थिर आहे. ही तब्येत सुधारल्याची लक्षणं आहेत, त्यांना अपयश समजू नका.

‘स्नायूंना सतत चकवा द्या, रोज नवा व्यायाम करा’ असा एक सल्ला फार फिरतो. तो मला पटत नाही. रोज नवं काही केलं की रोज अंग दुखतं आणि ते दुखणंच लोकांना प्रगती वाटतं. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग ठणकतं आणि तोच व्यायाम पुन्हा केला की कमी ठणकतं, एवढाच त्याचा अर्थ. धावण्याच्या जोडीला दोनच गोष्टी निवडा, ताकदीचे व्यायाम आणि सायकल किंवा पोहणं, आणि निदान दोन-तीन महिने त्यांनाच धरून राहा. फाटे फुटण्याची भीती मग राहणार नाही.

दुखणं पट्ट्यासारखं पसरलेलं असेल, तर पहिले दोन आठवडे धावू नका. त्याच वेळेत सायकल चालवा किंवा पाण्यात उतरा, आणि ताकदीचे व्यायाम जेवढे न दुखता होतील तेवढे करा. नंतर भराभर चालताना अजिबात दुखत नसेल आणि अंगठ्याने दाबल्यावरही हुळहुळत नसेल, तरच एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं अशी वीस मिनिटं करून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी शांत असेल तर पुढचं पाऊल टाका. सहा किलोमीटरपर्यंत परत यायला पाच-सहा आठवडे लागले तरी घाई करू नका. घडी बसली की आठवडा असा ठेवा : मंगळवार, गुरुवार आणि रविवार धावणं, सोमवार-शुक्रवार ताकद, बुधवारी सायकल किंवा पोहणं, शनिवारी सुट्टी. धावण्याचे तिन्ही दिवस एकसारखे नकोत. मंगळवारी गप्पा मारता येतील इतकं सावकाश, गुरुवारी मधेमधे दोन-दोन मिनिटं वेग वाढवून, रविवारी सगळ्यात लांब पण सगळ्यात निवांत. शक्य झालं तर एखादा दिवस मातीच्या रस्त्यावर धावा. सुट्टीच्या दिवशी खरोखर सुट्टी घ्या. शरीर व्यायामाने थकतं आणि विश्रांतीत घडतं.

सायकलवर बसण्याआधी सीटची उंची बघून घ्या. टाच पॅडलवर ठेवून ते अगदी खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना तो आपोआप किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असली की गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागतं आणि बिचाऱ्या सायकलला बोल लागतो. धावणारी माणसं जड गिअर टाकून जोर लावतात, तसं करू नका. हलका गिअर घ्या आणि मिनिटाला ८० च्या आसपास फेऱ्या होऊ द्या. पोहण्यात वेगळीच अडचण येते. सहा किलोमीटर सहज धावणारी माणसं तलावाच्या दोन फेऱ्यांत धापा टाकतात आणि खट्टू होतात. पाण्यात तोंड असताना ती श्वास कोंडून ठेवतात, आणि धावून धावून घट्ट झालेला त्यांचा घोटा पाय मारताना मोकळा सुटत नाही. तोंड पाण्यात असेल तेवढा सगळा वेळ हळूहळू श्वास सोडत राहा. घड्याळातले हृदयाचे ठोके पाण्यात आणि सायकलवर धावण्यापेक्षा काहीसे कमीच दिसतात. ते धावण्याइतके वर न्यायच्या मागे लागू नका. एखादं वाक्य तुटक तुटक बोलता येईल इतपत दम लागला की काम झालं. किलोमीटरची तुलनाही नको, वेळ मोजा. ४२ मिनिटं धावत होतात, तर ४२ मिनिटं सायकल.

आता तुमची लेक. तिला धावावंसं वाटतं याचा मला फार आनंद झाला, पण तिला रोज नेऊ नका. रविवारी न्या, फार तर आणखी एक दिवस, आणि अंतर व वेग तिचा तिला ठरवू द्या. बाकीचे दिवस तिने पळापळीचे, उड्यांचे, चेंडूचे, पाण्यातले, आवडतील ते वेगवेगळे खेळ खेळावेत. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते, आणि त्यात आठवड्यातून तीन दिवस तरी स्नायू व हाडं बळकट करणाऱ्या गोष्टी हव्यात. उंची झपाट्याने वाढते त्या वयाच्या आगेमागे दोन वर्षांत माणूस आयुष्यभराच्या हाडांच्या साठ्याचा साधारण पाव हिस्सा जमा करतो. तिचं ते वय अगदी आत्ताचं आहे. उड्या, अचानक थांबणं, दिशा बदलणं यांनी हाडाला सगळ्या बाजूंनी ताण मिळतो, सरळ रेषेतल्या धावण्याने तो मिळत नाही. एकाच खेळात लहानपणी अडकलेल्या मुलांना अतिश्रमाच्या दुखापती जास्त होतात, आणि कंटाळून ती खेळ सोडूनही देतात. तिची टाच किंवा गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो म्हणाली तर ‘वाढीचं दुखणं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. तिथे हाडाची वाढ चालू असते आणि घट्ट स्नायू तिला खेचत असतात. काही दिवस उड्या कमी करून ते शांत होतं. तरी थांबलं नाही, तर तुमची नडगी दाखवायला जाल तेव्हा तिलाही बरोबर घेऊन जा.